कुलपातली केरसुणी

शिवमूर्तीआप्पांच्या दारात लिंबाचा पाला साचला की बेंबळीत कुणालाही कळतं, आप्पांचं माणूस प्रवासात आहे. पोचल्याचा निरोप येईपर्यंत ते घर झाडत नाहीत. झाडलं तर गेलेलं माणूस वाटेतच राहतं म्हणे. एरवी हाच गडी दिवसातून तीनदा केर काढतो. सवयीनं हात जाऊ नये म्हणून मग केरसुणी पत्र्याच्या पेटीत आणि पेटीला कुलूप. लक्ष्मीला कोंडणारा असा भक्त मी दुसरा पाहिला नाही.

अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटणं हे माझं काम. पहिलं पत्रक आप्पांच्याच हातात ठेवलं: 'केरसुणीनं अपघात होत नाहीत!' त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. "झ्याक लिवलंयस, पोरी," म्हणाले आणि त्यावर शेंगांची टरफलं गोळा केली. ती बाहेर टाकेनात, कारण पुतण्या तुळजापूरला गेला होता.

आप्पांनी जन्मभर एसटी चालवली. दुसऱ्याच्या हातातल्या स्टेअरिंगवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. लेक महादेवी नोकरीसाठी टोरांटोला निघाली तेव्हा मला बोलावणं आलं.

"किती लांब हाय गं?"

"मुंबईहून साडेबारा हजार किलोमीटर. पंधरा-सोळा तास."

"म्हंजी तीनशे येळा येडशी-तुळजापूर. मधी थांबा?"

"नाही. खाली समुद्र."

"मग डायवर चा कुटं पितो?"

"विमानातच."

"चालवत चालवत?" आप्पांचा चेहरा पांढराफटक पडला.

महादेवीची पोचायची वेळ टळली, फोन नाही. माझ्या मोबाइलवरच्या नकाशात विमान समुद्रावर होतं, ते तिथंच थिजलं. "नेटवर्कचा घोळ," मी ठणकावून सांगितलं. पण नकाशा पुन्हा पुन्हा मीच उघडत होते. त्या धुळीत आम्ही दोघं पाय जवळ घेऊन बसलेलो. भीतीनं मला रागच आला.

"आप्पा, झाडण्याचा आणि विमानाचा संबंध काय? सांगाच."

"एकडाव झाडलं हुतं म्या." ते पेटीकडं बघत होते. "म्हादेवीच्या आईला सोलापूरच्या दवाखान्यात न्हेलं. म्हटलं, ती येईस्तवर घर लख्ख करून ठिवावं."

त्या परत आल्या नाहीत, हे गावाला माहीत आहे. त्यांना आजारानं नेलं, केरसुणीनं नाही, हे मी कुठल्याही सभेत ओरडून सांगेन. तिथं मात्र मी पाय आणखी जवळ घेतले.

फोन आला. विमान उशिरा उतरलं होतं. आप्पांनी त्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत झाडलं.

गेल्या आठवड्यात मी सभेसाठी नांदेडला गेले होते. भरदुपारी परतले तर आप्पांच्या दारात घोटाभर पाला.

"आता कोण उडालंय?" मी खेकसले. "महादेवी तर तिकडंच आहे."

"तुजा फोन का लागंना?"

"चार्जिंग संपलं होतं."

"पोचले म्हण."

"समोर उभी आहे की, आप्पा."

"म्हण तरी."

"पोचले," मी म्हणाले. ते आत गेले आणि पेटीचं कुलूप वाजलं.