ओल्या गुडघ्यांचा आराखडा

श्रीग्रामदेवतेचे पायी मस्तक ठेवोन लिहिले ऐसे जे, शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सरे, कार्तिक मासी राजधानीत पुढील वीस वर्षांचा विकास आराखडा सिद्ध जाहला. आणि तेथील रीत ऐसी की, नकाशा कापडावर रंगवोन सभेत भुईवर अंथरावा, आणि नगरसेवकाने आपले प्रभागातील रांगते लेकरू त्यावर सोडावे, आणि ते जेथोन मागे फिरेल तेथे वस्ती करू नये, मग मंजुरीचे हात वर करावे. पूर्व प्रभागाच्या नगरसेविका राधाक्का रणपिसे यांणी सगुणेची रांगती लेक मैना आणविली. सगुणा भाडेकरीण, ओढ्याकाठी घरे होतील, त्यांतील एक तिचे, ऐसा अक्कांचा शब्द होता. मग मैना रांगत निघाली, आणि ओढ्याकाठचे, वस्तीसाठी राखिलेल्या पिवळ्या रंगावर येताच थबकली, आणि मागे फिरली. सगुणेने उचलिले, तो लेकराचे दोन्ही गुडघे ओले. सभेतून कोणी बोलिले, "घ्या! पहिली हरकत नोंदवली पोरीनं!" आणि अवघे हसले. मग सगुणेने लंगोट चाचपला, तो कोरडा. कापड चाचपले, तेही कोरडे. मग गुडघे हुंगले, तो गाळाचा वास.

"अक्का, तिथं घरं नकोत. पाणी आहे हो तिथं."

"अगं, ओढा आटला तेव्हा माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं! आणि घर तुलाच मिळायचंय ना?"

"नको मला. लेकरू मागं फिरलंय."

मग अक्कांनी गुडघ्यास बोट लाविले, आणि पदरास पुसले. मग हळूच बोलिल्या, "फाल्गुनात निवडणूक आहे, सगुणे. मी पाच वर्षांची. पुढचं पुढचे बघतील." आणि हात वर केला, आणि अवघ्यांनी केला. मग घरे जाहली, आणि भाड्याची खोली सुटली, आणि जावे कोठे म्हणोन सगुणाही तेथेच राहावयास गेली. पाणी आले नाही. परंतु तेथील कोरड्या फरशीवर जे जे लेकरू रांगे, त्याचे गुडघे भिजत, आणि आया रात्रंदिवस पुसत. मग नवे नगरसेवक आले, आणि पाहोन, "पुढचे बघतील," म्हणाले. तो पावेतो लेकरांची ओल कमरेस आली होती.

ऐसी आराखड्याची हकीकत. गादी पाच वर्षांची, नकाशा वीस वर्षांचा. उरली पंधरा वर्षे लेकरांचे वाट्यास. यंदाची रांगती लेकरे हनुवटीपावेतो ओली आहेत.