गायिका नेमकी मधोमध

सासूबाईंचं काचेचं कपाट मागच्या शेडमध्ये हलवताना क्लेम पास्कोने बायकोला शब्द दिला होता. कपाटाच्या जागी त्याचे दोन उंच स्पीकर येतील, पण त्याच यंत्रणेवर तिच्या मालिकाही चालतील आणि त्याच्या रेकॉर्डीही. दोन्ही नीट जमलं नाही, तर स्पीकर शेडमध्ये आणि कपाट परत घरात. कपाटावर ग्लेनिसने जुनी चादर तेवढी स्वतःच्या हाताने पांघरली.

आज निकालाचा दिवस होता. मूंटा गावच्या श्रोता मंडळाची रविवारची बैठक क्लेमकडे होती. सिनेमा आणि संगीत एका घरात नांदूच शकत नाहीत, असं मंडळाचा अध्यक्ष बेव्हन ट्रेगेंझा भर सभेत म्हणाला होता. क्लेमने त्याला भर सभेतच कान तपासून घ्यायला सांगितलं होतं.

जोडणी साधी होती. सगळा आवाज आधी स्पीकरांना वाटून देणाऱ्या सिनेमाच्या डब्यात जायचा. टीव्हीखालचा बुटका स्पीकर आणि सोफ्यामागची दोन पिल्लं डबा स्वतः वाजवायचा. उंच जोडीचा वाटा तो जुन्या, व्हॉल्व्हच्या म्हणजे काचेच्या नळ्यांच्या ॲम्प्लिफायरकडे सोपवायचा. रेकॉर्ड लावताना एक बटण दाबायचं, की बुटका आणि पिल्लं गप्प, आणि उंच जोडी एकटी गाणार. व्हॉल्व्ह चांगले तापायचे, म्हणून थंडीत ग्लेनिसची मांजर, टॅफी, त्या ॲम्प्लिफायरच्या जाळीवरून हलायची नाही.

सकाळीच क्लेमने ॲम्प्लिफायरची पिन काढून खास त्याच्यासाठी बसवून घेतलेल्या वेगळ्या सॉकेटमध्ये लावली होती. फ्रिजच्या उष्ट्या विजेवर संगीत गढूळ होतं, असं त्याचं ठाम मत होतं.

मंडळी जमली, मांस-बटाटा भरलेल्या पेस्ट्या खाऊन झाल्या. क्लेमने पियानोवर गाणाऱ्या एका बाईची रेकॉर्ड लावली आणि सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं.

"दोन स्पीकरांच्या बरोबर मधे लक्ष द्या," तो म्हणाला. "तिथे काही नाही. तरी बाई तिथेच उभी आहे."

मिटल्या डोळ्यांनी माना डोलल्या. मंडळातल्या सर्वांत जुन्या सभासद एनिड यांना तर बाईचे ओठ विलग होतानाही ऐकू आले.

"मानलं, बाबा," बेव्हन शेवटी म्हणाला. "माझे शब्द मागे घेतो. अगदी टीव्हीच्या पुढ्यात उभी आहे रे."

क्लेमला राहवलं नाही. दोन सुरांमधली शांतता ऐका, तो काळोख नव्या सॉकेटचा आहे, असं त्याने सांगितलं. बेव्हनने लगेच वायरमनचं नाव विचारून घेतलं.

तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन आलेली ग्लेनिस दारातच थांबली.

"क्लेम," ती हळूच म्हणाली, "टॅफी आज डब्यावर बसलीय."

क्लेमने वळून पाहिलं. मांजर सिनेमाच्या डब्यावर ऊब घेत पसरली होती. त्याने ॲम्प्लिफायरला हात लावला. गार. नव्या सॉकेटचं बटण वरच होतं, पिन लावून ते दाबायचंच राहिलं होतं. त्या गडबडीत डब्याचं रेकॉर्डसाठीचं बटणही दाबायचं राहिलं होतं आणि डबा कालच्या मालिकेच्याच तालात होता. दोन चुका एकमेकींना सांभाळून घेत होत्या. उंच जोडी मुकी उभी होती, आणि मधोमध, जिथे काही नव्हतं, तिथे टीव्हीखालचा बुटका जीव तोडून गात होता.

व्हॉल्व्ह तापले नव्हते, क्लेमचे कान मात्र तापले. आता सांगून टाकावं, असं त्याच्या ओठांपर्यंत आलं. पण एनिडबाईंच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून त्याची जीभ उचलेना. त्याने गुपचूप हात मागे नेला आणि सॉकेटचं बटण दाबलं. खरा आवाज सुरू झाला की सगळं झाकलं जाईल, असा त्याचा हिशेब होता.

व्हॉल्व्ह हळूहळू लाल झाले. उंच जोडी भारदस्त आवाजात गाण्यात उतरली.

बेव्हनने कपाळाला आठ्या घातल्या. "काय केलंस रे? चांगलं चाललं होतं. सगळं गढूळ करून ठेवलंस."

एनिडबाईंनीही दुजोरा दिला. बाई मघाशी एका जागी उभी होती, आता खोलीभर सांडली होती, असं त्या म्हणाल्या.

क्लेमने बटण पुन्हा वर केलं. उंच जोडीचा आवाज विरत गेला.

"हां," बेव्हन डोळे न उघडताच म्हणाला. "आली परत जागेवर."

क्लेमने ग्लेनिसकडे पाहण्याचं टाळलं. ती हसली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने नेहमीसारखा कप त्याच्या हातात दिला आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "चहा झाला की बेव्हनला थांबवून घे. आईचं कपाट तुला एकट्याला उचलवणार नाही."

बेव्हन थांबायला तयार होता. पण कपाट ठेवणार कुठे, असं त्याने विचारलं. जागा तर स्पीकरांनी अडवली होती.

"स्पीकर नेऊन ठेवू शेडमध्ये," क्लेम कपात बघत म्हणाला. "आवाजाला काही फरक पडणार नाही."