आणि आता झरी

दत्ताभाऊ त्याच्या मामाला अन् मला घेऊन मुलगी बघायला गेला, तेव्हाची गोष्ट. पोहे खाऊन झाल्यावर मुलीचे वडील म्हणाले, "काय विचारायचं ते विचारा." यानं हातातला पाण्याचा पेला मुलीच्या तोंडासमोर धरला आणि विचारलं, "या क्षणी तुमच्या भावना काय आहेत?"

तरी लग्न जमलं! वहिनी आता मला सांगतात, "यांच्याशी भांडून काय उपयोग, भावजी? दोन्ही बाजू ऐकून घेतात, अन् छोटासा ब्रेक म्हणून बाहेर निघून जातात."

दत्ताभाऊ परभणीच्या एका केबल चॅनेलचा वार्ताहर, संपादक आणि बातम्या सांगणाराही. मी त्याचा कॅमेरावाला. मोटारसायकल चालवणाराही मीच अन् शिव्या खाणाराही मीच. चौदा वर्षं आम्ही जिल्हा पालथा घातला. हापशाचं उद्घाटन असो की रस्त्याचं, शॉट हुकला की हा पुढाऱ्याला दुसरा नारळ फोडायला लावायचा. एकदा तर मयताच्या घरी सांत्वनाला आलेल्या पुढाऱ्याला म्हणाला, "साहेब, परत एकदा दारातून आत येता का?" साहेब खुशीनं बाहेर गेले, चेहरा पाडून परत आत आले. घरच्या म्हातारीनं बिचारीनं परत गळा काढला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण लोक बेजार होते ते वेगळ्याच गोष्टीनं. बातम्यांच्या शेवटी हा रोज म्हणायचा, "आणि आता झरी." झरी याचं गाव. तिथं रोज काय घडणार? "झरीत आज काहीही घडलेले नाही. वातावरण शांत आहे." एवढ्यावरही थांबायचा नाही. "झरीतील ज्येष्ठ नागरिकांनी बीपीची गोळी चुकवू नये. गारठा वाढला आहे, कानाला रुमाल बांधूनच शेतात जावे."

"अरे बाबा, चारठाणा गावच्या म्हाताऱ्यांनी काय घोडं मारलंय? त्यांना बीपी नसतो का?" मी विचारायचो.

"तशी माहिती अद्याप हाती आलेली नाही," हा म्हणायचा.

याचे वडील झरीतच असतात. घरची शेती सोडून पोरगं लोकाच्या तोंडापुढं दांडकं धरत फिरतंय, म्हणून त्यांनी पहिल्या दिवसापासून याच्याशी बोलणं टाकलेलं. हाही तसलाच हट्टी, गावाकडं फिरकत नव्हता. हे सगळं मला ठाऊक होतं. पण माझं डोकं म्हणजे निव्वळ खोकं!

गेल्या महिन्यात मालकानं सुनावलं, "गंगाखेडचे लोक बोंबलायलेत. चॅनेल काय तुझ्या घरचं हाय? झरी बंद!"

दत्ताभाऊनं चक्क हात जोडले. "साहेब, सगळं काढा. तेवढी गोळीची एक ओळ राहू द्या."

त्याचे डोळे भरलेले बघितले, तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. इतकी वर्षं मी त्या एका ओळीची टिंगल करत होतो. लाज वाटली मला.

मालकानं ऐकलं नाही. दोन दिवस झरी गेली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या दारात एक धोतरवाले म्हातारे उभे राहिले. कानाला रुमाल घट्ट बांधलेला. दत्ताभाऊ ताडकन उठला. म्हाताऱ्यांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही, मलाच विचारलं, "झरीची खबर कामून बंद केली?"

"मालकानं बंद केली, काका."

"दोन दिस जीव थाऱ्यावर न्हाई. म्हणलं, पोरगं आजारी पडलं की काय. पहिल्या यष्टीनं आलो." मग म्हणाले, "गोळ्या घ्यायलोय म्हणावं त्याला. रोज."

अख्ख्या जिल्ह्याला भावना विचारणाऱ्या माणसानं माठाकडं धाव घेतली. पाण्याचा पेला भरला अन् बापापुढं धरला. विचारलं काहीच नाही.

म्हाताऱ्यांनी पाणी पिऊन पेला त्याच्याच हातात दिला. पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडं बघितलं.

"शर्टाची वरची गुंडी लावत जाय," ते म्हणाले. "टीव्हीत लय बावळा दिसायलास."