दात कुठल्या बाजूला?

"अडवताय काय मामा? व्हा बाजूला!" वनस्पतिशास्त्राचे सर गरजले.

ओढ्यावर आडव्या पडलेल्या खोडाच्या तोंडाशी कॉलेजच्या प्रयोगशाळेतले मामा दोन्ही हात पसरून उभे होते. त्यांच्यासमोर बावीस विद्यार्थी. डबे पलीकडच्या सावलीत उघडायचे ठरले होते आणि सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते, त्यामुळे मामांच्या बाजूने कोणीच नव्हतं.

"सर, याला दातेरी बुरशी लागलीय. आतून पार भुसा झालाय. एकही पोर यावरून जाणार नाही."

सरांनी चष्मा पुसला, खोडाच्या कडेला आलेली पांढरी बुरशी वरून न्याहाळली, तिच्यावर बोट फिरवलं. "गुळगुळीत! दात कुठायत? मुलांनो, दात वर असतात. प्रयोगशाळेतल्या नमुन्याच्या बरणीत बघितलेत ना?"

मुलांनी माना डोलावल्या. बरणीत दात वरच होते.

"बरणीत ती उलटी ठेवलीय. मीच ठेवली, तुम्हाला दात दिसावेत म्हणून," मामा म्हणाले. "जंगलात ते खाली लोंबतात. जरा वाकून बघा."

काम दोन मिनिटांचं होतं. पण सर वीस वर्षं त्या बरणीवरून शिकवत आले होते, आणि विद्वान माणसाची मान पुस्तकापुरतीच वाकते.

"उद्या मेमो देतो तुम्हाला!"

"आजच द्या. तो हातात धरून इथेच उभा राहतो."

"असं? मग मीच जाऊन दाखवतो!"

"सर, नका!"

वाकायला तयार नसलेले सर मामांच्या हाताखालून मात्र झकास वाकून निसटले. तीन पावलं ठीक गेली. चौथ्याला त्यांनी "बघितलंत?" म्हणून ऐटीत मागे वळून पाहिलं, आणि खोड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं मधोमध गळालं. पाणी कमरेइतकंच होतं, पण चांगलंच गार. काठाकडे उरलेलं खोड आता सरांच्या कपाळाच्या उंचीवर आलं होतं आणि त्याच्या खालून पांढऱ्या दातांची रांग बरोबर त्यांच्या नाकासमोर लोंबत होती.

मामा काठावर बसले. हात पुढे केला, पण अर्ध्यावरच थांबवला.

"आधी ओळखा, सर."

"मामा, पाणी गार आहे हो!"

"बुरशी कुठली?"

"दातेरी."

"दात कुठल्या बाजूला?"

"खाली," सर पुटपुटले.

"मागच्या मुलांना ऐकू नाही आलं."

"खाली!" सर ओरडले. बावीस जणांनी ते वहीत उतरवून घेतलं, आणि मग मामांनी हात दिला.