चाळीस कोन आणि घराचा कागद

केकचे चाळीसही कागदी कोन ओव्हनमध्ये गेले, आणि मगच नेरेइदा नवऱ्याला म्हणाली, "घराचा कागद काढून ठेव. चारला तुझी आई त्या लोकांना घेऊन येतेय."

एवेलियोने खण उघडला. खणात टाचणीसुद्धा नव्हती. कशी असेल? सकाळी तिथलाच रद्दीचा गठ्ठा नेरेइदाने त्याच्या पुढ्यात टाकला होता. कपुचिनो म्हणजे इथे कॉफी नव्हे, पाकात बुडवलेला टोकदार केक; त्याचं पीठ कागदी कोनातच भाजायचं, आणि कामागुए शहरात कोरा कागद मिळतो कुठे? हा पठ्ठ्या रेडिओवर बेसबॉल ऐकत कात्रीने एकेका कागदाचे चार तुकडे करत गेला. न बघता. रद्दीचे कोन सगळेच करतात, पण शिक्क्यासकट घर भाजायला घालणारा बहुधा हा पहिलाच.

घरांची अदलाबदल त्याच्या आईने, सोराइदाने ठरवली होती. तिच्या शेजारचं घर यांना, हे घर त्या लोकांना. कागद नाही म्हणजे अदलाबदल नाही, आणि कचेरीतून नवा काढायला वर्ष सहज जाणार. सोराइदाचा शब्द मोडून कुणी सुखाने जेवल्याचं ऐकिवात नव्हतं. लग्नाला उशिरा आलेल्या सख्ख्या भावाशी ती आठ वर्षं बोलली नव्हती.

त्याने ओव्हनच्या दाराला हात घातला तशी नेरेइदाने पळी उगारली. मध्येच दार उघडलं की केक बसतात, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. त्यात वीस अंड्यांचे पिवळे बलक, तेही महिनाभर रेशनची अंडी राखून जमवलेले.

"उघडून तर बघ, तुलाच पाकात बुडवते," ती म्हणाली आणि पुन्हा दालचिनीचा पाक ढवळू लागली. एवेलियो ओव्हनपुढे येरझाऱ्या घालत राहिला. घाम पुसायचंही त्याला सुचेना.

केक बाहेर आल्यावर कागद सोलायचं काम त्याने मागून घेतलं. बारा वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच. बोटं पोळत होती, तरी थांबला नाही. विजेची बिलं निघाली, मुलीची गणितं निघाली. सव्विसाव्या केकवर शिक्क्याचा कोपरा दिसला, पस्तिसाव्यावर बापाची सही. चारही तुकडे सापडले खरे, पण इतके करपलेले की हातात घेताच पापडासारखे मोडले.

आता मात्र त्याला रडूच कोसळलं. "नेरे, मेलो मी. घराचा कागद भाजला गं."

"माहितीय," केक पाकात सोडत ती म्हणाली. "म्हणून तर पाच मिनिटं जास्त ठेवले."

त्याने हातातला चुरा ओट्यावर ठेवला आणि तिच्याकडे वळला.

"मीच ठेवला होता गठ्ठ्यात. तुझ्या आईच्या भिंतीला भिंत लावून राहायचं म्हणजे काय, विचार केलायस? तिला नाही म्हणायची तुझी छाती नाही, माझीही नाही. मग कुणीतरी काहीतरी करायला नको?"

खरं सांगायचं तर जायचं त्यालाही नव्हतं. किती दिवसांनी त्याचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात दारावर थाप पडली, आणि पाठोपाठ सोराइदाची हाक आली.

"मग आईला आता तूच सांग," तो पुटपुटला.

"मी काय सांगू?" नेरेइदाने केकची बशी त्याच्या हातात दिली. "कात्री कुणी चालवली?"