चार टक्क्यांचा मुक्काम

माझ्या नातीला अमेरिकेतल्या त्या विद्यापीठात प्रवेश मिळण्याची शक्यता चार टक्के आहे, आणि ती सोमवारी कुरिअरने आमच्या घरी राहायला आली.

गिरिजाने सही करून खोका घेतला. मी कात्रीने चिकटपट्टी कापली. आतून शक्यता स्वतःच बाहेर आली, तिने फ्रॉकच्या चुण्या नीट केल्या आणि चपला दाराशी काढून ठेवल्या. चार टक्के म्हणजे काही फार नसते. जेवणाच्या टेबलावर ती तांब्याशेजारी उभी राहिली, तर तिचे डोके तांब्याच्या गळ्याला लागत होते.

सोबतच्या सूचना मी दोनदा वाचल्या, कारण माझ्या पहिल्या वाचनावर माझा विश्वास नसतो. अमेरिकन विद्यार्थ्यांच्या शक्यता अंगाने मोठ्या असल्यामुळे तिथली वसतिगृहे त्यांनीच भरून जातात. म्हणून परदेशी विद्यार्थ्यांच्या शक्यता निकालापर्यंत ज्याच्या त्याच्या घरी ठेवायला देतात. निकालाच्या आठवड्यात त्या परत पाठवायच्या. सकाळचे ऊन दाखवावे. खोटी आशा देऊ नये.

"खोटी आशा म्हणजे नेमकं काय काय?" मी विचारले.

"तुम्ही काळजी करू नका, आजोबा," गिरिजा म्हणाली. "तुम्ही तर खरीसुद्धा देत नाही."

गिरिजाला वाळवीचा अभ्यास करायचा आहे. तिचे आईवडील नोकरीनिमित्त मस्कतला असतात आणि ती सोलापुरात आमच्याजवळ वाढली. आमच्या जुन्या खिडकीची चौकट वाळवीने खाल्ली, तेव्हा बाकीचे घर हळहळत होते आणि ही पोर भिंग घेऊन तिथे बसून होती. वाळवीबद्दल जगात जे काही कळले आहे, ते त्या एका विद्यापीठात कळले आहे. दुसरीकडे जाऊन तिला काही उपयोग नाही. मी संख्याशास्त्राचा प्राध्यापक होतो, विरळ घटनांवर माझी डॉक्टरेट आहे. आयुष्यभर मी शक्यता शिकवली, पण घरात कधी ठेवली नव्हती.

माझी पत्नी महानंदा हिला असल्या अडचणी येत नाहीत. तिने शक्यतेला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाली, "अगं, किती वाळलीस. जेवतेस की नाही?"

"महानंदा, शक्यता खाऊ घालून वाढत नाही," मी म्हणालो.

"तुम्हाला कुणी वाढवा म्हटलंय? भूक लागली असेल तिला."

तिने कडक भाकरी चुरून, वर शेंगाची चटणी आणि तूप घालून बशी पुढे केली. शक्यतेने बशी चाटून स्वच्छ केली. मी तिला स्वयंपाकघरातल्या काट्यावर उभे केले. चार टक्केच भरली. पुढे रोज मोजत राहिलो, रोज चारच. फक्त गालावर रंग आला, आणि महिन्याभरात ती अस्सल सोलापुरी बोलू लागली.

"काय बे आजोबा, आज ऊन नाही का दाखवायचं?"

"मोठ्यांना बे म्हणू नये," महानंदा आतून ओरडली.

"चुकलं बे आज्जी."

माझ्या कॉलेजातले जुने सहकारी बिराजदार तिला बघायला आले. चहाचा कप खाली ठेवून त्यांनी चष्मा पुसला.

"सर, चार टक्के म्हणजे शहाण्णव टक्के नाही, असंच म्हणा की."

"तसंच," मी म्हणालो.

"मग ती शहाण्णव कुठं राहते?"

हा प्रश्न मला सुचायला हवा होता. मी शक्यतेकडे पाहिले.

"ती तिकडंच आहे," शक्यता म्हणाली. "विमानात बसेना. सामान फार होतंय म्हणाले."

"स्वभावाने कशी आहे?" बिराजदारांनी विचारले.

"चांगली आहे. पण जागा फार लागते तिला."

बिराजदारांनी मान डोलावली आणि आणखी एक बिस्कीट घेतले.

आमच्या वरच्या मजल्यावर वंगा राहतात. व्यंकटेश वंगा टॉवेलच्या कारखान्यात आहेत. त्यांची लावण्या गिरिजाच्या वर्गातली. तिला कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यावर काम करायचे आहे, आणि तेही त्याच विद्यापीठात. तिने अर्जात पूर्ण शिष्यवृत्ती मागितली होती, त्यामुळे तिची शक्यता दोनच टक्के आली. आमचीच्या निम्मी, लाजरी, आणि जिना उतरताना कठड्याला धरून उतरणारी. ती रोज दुपारी खाली खेळायला यायची. दोघी खिडकीच्या त्याच पोखरलेल्या चौकटीत भातुकली मांडायच्या.

मी एकदा कागद घेतला. दोघी मुलींना प्रवेश मिळण्याची शक्यता काढली. दहा हजारांत आठ आली. चूक झाली असेल म्हणून पुन्हा काढली, पुन्हा आठच. हा आकडा मी मुलींना सांगितला नाही. पण दोघींच्या शक्यता माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या आणि त्यांना तो दिसला.

"आठ म्हणजे चांगलं की," दोन टक्केवाली म्हणाली. तेवढे एकच वाक्य ती त्या दिवशी बोलली.

आता डब्याबद्दल सांगितले पाहिजे. वरच्या पद्मावहिनी, म्हणजे लावण्याची आई, आणि महानंदा यांच्यात एक स्टीलचा डबा कित्येक वर्षे जिना चढतो आणि उतरतो आहे. डबा वहिनींचा. लग्नात माहेरून आलेला, बाजूला ठिपक्यांनी नाव कोरलेला: 'सौ. पद्मा व्यं. वंगा'. त्यातून चिंचेचा भात खाली येतो आणि शेंगाची चटणी वर जाते. रिकामा डबा कधी परत करायचा नाही, एवढा एकच नियम. घरात काही नसले तर महानंदा साखर घालते. एकदा तिने त्यात कढीलिंबाची एक काडी ठेवून पाठवली होती, आणि वरून तिच्याबद्दल आभार आले होते.

निकालाच्या आठवड्यात कुरिअरचा माणूस आला. गाडी चालू ठेवूनच आला. "दोन शक्यता आहेत ना? द्या लवकर, विमान गाठायचंय."

शक्यता ज्या खोक्यांतून आल्या, ते मुलींची नावे छापलेले दोन्ही मूळ खोके मी जपून ठेवले होते. इतके जपून की ते सापडेनात. मी माळ्यावर, पलंगाखाली, पुस्तकांच्या मागे शोधत होतो. कुरिअरवाला घड्याळ बघत होता. शेवटी शक्यतांनीच निर्णय घेतला. वर जायला निघालेला डबा ओट्यावर उघडा होता, निम्मा चटणीने भरलेला. दोघी हात धरून त्यात उतरल्या.

"बरं झालं," महानंदा म्हणाली. "प्रवासात खायलाही होईल." तिने वरून एक भाकरी चुरून घातली आणि झाकण दाबले.

गाडी कोपऱ्यावरून वळली आणि मग मला आठवले.

"महानंदा, डब्यावर नाव कुणाचं आहे?"

"पद्माचं."

"आणि अर्ज कुणाचे आहेत?"

तिने गॅस बंद केला.

दोन दिवसांनी संध्याकाळी फोन आला. विद्यापीठाच्या परदेशी शक्यता विभागातून श्रीमती विटकॉम बोलत होत्या. त्यांचा आवाज सौम्य होता. मी फोन स्पीकरवर टाकला. गिरिजा आणि लावण्या सोफ्याच्या कडेवर बसल्या. वरून पद्मावहिनीही येऊन दारात उभ्या राहिल्या. श्रीमती विटकॉम इंग्रजीत बोलत होत्या आणि मी वाक्यावाक्याला मराठी करून सांगत होतो.

"आम्हाला सहा टक्के मिळाले आहेत," श्रीमती विटकॉम म्हणाल्या. "एका धातूच्या पात्रात. पात्रावरचा मजकूर आमच्या संस्कृत विभागाने वाचला. या बाई उमेदवार नाहीत."

"नाहीत. त्या वरच्या मजल्यावर राहतात," मी म्हणालो.

"मग अडचण आहे. दुसऱ्याच्या नावाने आलेली शक्यता आम्ही न आलेली धरतो. तुमच्या दोन्ही मुलींच्या फायलींत या क्षणी शून्य आहे."

मी हे भाषांतर हळू आवाजात केले. लावण्याने गिरिजाचा हात धरला. गिरिजा टाचेने फरशीची एकच रेघ घासत राहिली. वाळवीने चौकट खाल्ली, तेव्हाही ती रडली नव्हती, पण आता तिची हनुवटी हलत होती.

"चूक माझी आहे," मी फोनमध्ये म्हणालो. "खोके मी हरवले. मुलींना त्यासाठी धरू नका."

"चुकीची नोंद आमच्याकडे ठेवत नाहीत," श्रीमती विटकॉम म्हणाल्या. "प्रश्न फक्त पात्राचा आहे. ते मालकिणीला परत करणं आम्हाला बंधनकारक आहे. उद्या पाठवतो."

तेवढ्यात महानंदा पदराला हात पुसत पुढे आली. "काय म्हणते ती?"

"डबा परत पाठवणार म्हणते."

"पाठवू दे की. पण रिकामा नको म्हणावं. शोभत नाही."

"महानंदा, ते अमेरिकेतलं विद्यापीठ आहे."

"असू दे. त्यांच्या घरी काय रीत नाही का? तुम्ही नुसतं सांगा."

मला सांगायचे नव्हते. पण पद्मावहिनी दारातून म्हणाल्या, "सांगा की सर, डबा माझाय." मग मी सांगितले. आमच्याकडे भरून आलेला डबा रिकामा परत करत नाहीत, असे मी शक्य तितक्या अचूक इंग्रजीत सांगितले आणि माफीही मागितली.

तिकडे बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज आला.

"हे बंधनकारक आहे का?" श्रीमती विटकॉम यांनी विचारले.

"आमच्या इमारतीत आहे."

"साधारणपणे काय घालतात?"

मी महानंदाकडे पाहिले. "जे घरात असेल ते," ती म्हणाली. मी ते इंग्रजीत सांगितले.

"आमच्या घरात," श्रीमती विटकॉम सावकाश म्हणाल्या, "प्रवेशाशिवाय दुसरं काहीच नसतं."

महानंदाने हे ऐकून घेतले. "चालेल म्हणावं. आणि दोन माणसांचं खाऊन एकाचं घालू नका म्हणावं, तेही बरं दिसत नाही."

श्रीमती विटकॉम यांनी समितीपुढे विषय ठेवते असे सांगून फोन ठेवला. पुढे कळले की बैठक बराच वेळ चालली. डब्यातली चटणी मधल्या सुट्टीत संपली, त्यामुळे विषय तहकूब करणे कुणालाच प्रशस्त वाटले नाही.

डबा शनिवारी आला. टेबलावर ठेवला तेव्हा जड लागला. मी मागे उभा राहिलो. झाकण घट्ट बसले होते. गिरिजाने एका बाजूने धरले, लावण्याने दुसऱ्या बाजूने फिरवले.

आत दोन प्रवेश होते, लावण्याचा शिष्यवृत्तीसकट. नवेकोरे, अजून थोडे कोमट. त्यांना एकमेकांचे डाग लागू नयेत म्हणून कुणीतरी मध्ये केळीच्या पानासारखा कापलेला कागद घातला होता. खाली, तळाशी, दोन्ही शक्यता पाय पोटाशी घेऊन झोपल्या होत्या.

मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि तशाच उड्या मारू लागल्या. महानंदा देवघराकडे गेली, तिथून परत आली, पुन्हा गेली. आवाजाने चार टक्केवाली उठून बसली.

"किती हलवता बे. दोन टक्के झोपलीय अजून."

"आजोबा, आईला तुम्हीच द्या," लावण्या म्हणाली. "डब्यातूनच द्या."

मी लावण्याचा प्रवेश आणि तिची झोपलेली शक्यता पुन्हा डब्यात ठेवून जिना चढलो. पद्मावहिनींनी डबा घेतला, झाकण उघडले आणि आत बराच वेळ पाहिले. मग त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"सर," त्या म्हणाल्या, "आणि चटणी?"

मी खाली येऊन चटणी आणून दिली.

ऑगस्टमध्ये मुली गेल्या. शक्यता इथेच राहिल्या, कारण तिकडे आता त्यांना काही काम नाही. मी तो जुना कागद काढून गणित पुन्हा मांडले. मला वाटत होते, यावेळी तरी चूक सापडेल. दहा हजारांत आठच आले. चार टक्केवाली माझ्या चष्म्याच्या घरावर बसून बघत होती.

"बरोबर आहे की, आजोबा," ती म्हणाली. "आता चहा टाका."

ती आता कशाची शक्यता आहे, हे आम्ही तिला विचारत नाही. सकाळी उन्हात बसते, दोन वेळा जेवते. परवा मी सहज काट्यावर उभे केले, तर पाच भरली.