एकशे बारा डोळे

माझ्या हातून फोटो बिघडत नाही. गर्वाने नाही, फक्त माहिती म्हणून सांगतो. गेली सहा वर्षं मी फावल्या वेळात फोटो काढतोय आणि या सहा वर्षांत माझा एकही वाईट फोटो कुणी पाहिलेला नाही. बायको म्हणते, तुमचे चांगले फोटो तरी कुणी पाहिलेत? महिनोन्‌महिने संगणकावर त्यांचे रंग चोळत बसता. तिचं सोडा. ती फोनवर फोटो काढते आणि त्याच मिनिटाला सगळ्या नातेवाइकांना पाठवून मोकळी होते! अशा माणसाशी कलेबद्दल काय बोलणार?

माझं सगळं तत्त्वाने चालतं. फ्लॅश मी वापरत नाही. कुणाला हसायला सांगत नाही. आणि माणसाचा फोटो घेताना मनातल्या मनात चौकटीचे उभे-आडवे तीन तीन भाग पाडतो आणि वर उजवीकडे जिथे दोन रेघा छेदतात, बरोब्बर तिथे त्या माणसाचा डावा डोळा बसवतो. दर फोटोत, न चुकता. मित्र याला हट्ट म्हणतात. मी शिस्त म्हणतो.

तर माझे सासरे शिंपी. एकेचाळीस वर्षं त्यांनी एकाच गाळ्यात, एकाच मशीनवर, पाठीला तीच उशी लावून अख्ख्या वस्तीचे कपडे शिवले. आणि एक दिवस जेवता जेवता म्हणाले, येत्या शनिवारी दुकान बंद करतोय, पुरे झालं. आम्ही सगळ्यांनी कारण विचारलं. ते म्हणाले, पुरे होण्याला कारण लागत नाही, आणि पाण्याचा ग्लास उचलला.

बायकोला मात्र घास गिळेना. घरी आल्यावर म्हणाली, बाबांचा दुकानातला एकही फोटो नाही. शनिवारी मशीन दुसऱ्याकडे जाणार, सोमवारी गाळ्यात मोबाइल दुरुस्तीवाला येणार, मग काढायचं म्हटलं तरी काढता येणार नाही. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की दुकानाच्या शेवटच्या दिवसाचे फोटो मी काढीन, त्यांचा जाड पानांचा अल्बम करीन आणि त्याच्या पुढच्या रविवारी सगळे त्यांच्याकडे जमतील तेव्हा तो त्यांच्या हातात देईन.

"नक्की ना?" ती म्हणाली. "हे परत होणार नाही हो."

"माझ्यावर सोड," मी म्हणालो. आयुष्यातले माझे सगळे घोटाळे या दोन शब्दांनंतर सुरू झालेत.

शनिवारी मी तीन लेन्स, दोन पिशव्या आणि एक तिपाई घेऊन दुकानात हजर झालो. गाळा एवढासा. तिपाई उघडली तेव्हा तिचा एक पाय गिऱ्हाइकांच्या बाकाखाली आणि दुसरा कापडाच्या ढिगात गेला. सासरे मशीनवर होते. दिवसभर लोक येत होते, शिवून झालेले कपडे नेत होते, उगाच बसत होते. मी हाताला एक लेन्स, चेहऱ्याला दुसरी, आणि सगळं दुकान एकत्र दिसायला तिसरी, असं करत दिवसात दहा-बारा वेळा लेन्स बदलली. एकदा सासरे मान वर न करता म्हणालेसुद्धा, जावईबापू, इथे काही उघडं ठेवत जाऊ नका, सूत उडतं. मला हसू आलं. कॅमेऱ्यातलं मला सांगताहेत!

सोमवारी संगणकावर फोटो उघडले. एकशे सेहेचाळीस. पहिला होता रिळांच्या फळीचा, मागे पांढरी भिंत. आणि त्या भिंतीवर, वर उजवीकडे, एक काळी वाकडी रेघ. दुसऱ्या फोटोतही तिथेच. पाचव्यातही. सुताचा एक तंतू उडून कॅमेऱ्याच्या आत, थेट सेन्सरवर जाऊन बसला होता आणि दिवसभर माझ्याबरोबर फोटो काढत होता.

मी घाबरलो नाही. अशा डागांसाठी ब्रश असतो. डागावर गोल काढायचा, मग प्रोग्रॅम बाजूचा तेवढाच तुकडा उचलून डागावर चिकटवतो. मी ऐसपैस गोल काढला, भिंतीचा तुकडा भिंतीवर बसला, रेघ गायब. आता डाग सगळ्या फोटोंत एकाच जागी, म्हटल्यावर एकेक पुसत बसायला मी काय वेडा आहे? 'हीच दुरुस्ती सर्व फोटोंना लावा' असं बटण होतं, ते दाबलं. संगणकाने विचारलं, जुन्या फायलींच्या जागी नव्या ठेवू का? मी म्हटलं, सगळ्यांना हो. वरचे चार-पाच फोटो पाहिले. रिळं स्वच्छ, कात्री स्वच्छ, भिंत स्वच्छ. सगळे फोटो अल्बमवाल्याकडे पाठवले आणि शीळ घालत चहा प्यायलो.

शुक्रवारी दुपारी मी ऑफिसात हजेरीचा तक्ता भरत होतो, तेव्हा अल्बमवाल्याचा फोन आला. अल्बम तयार झाला, वहिनी आत्ताच घेऊन गेल्या, म्हणाला.

"साहेब, एक विचारू? वाईट वाटून घेऊ नका."

"विचारा की."

"आजोबांचा डोळा कशाने गेला?"

मी विचारलं, कुठल्या आजोबांचा. तो म्हणाला, अल्बममधल्या. त्याला आधी वाटलं छपाईत गडबड आहे, म्हणून त्याने मशीन दोनदा साफ केलं. मग लक्षात आलं की गडबड फक्त त्यांच्यातच आहे. म्हणून त्याने आपल्या मनाने कव्हरवर त्यांचा पाठमोरा फोटो घेतला होता. तो खरंच भला माणूस होता.

त्याला पाठवलेले फोटो मी ऑफिसच्याच संगणकावर उघडले. आणि मग माझ्या शिस्तीने काय केलंय ते मला दिसलं. डाग होता वर उजवीकडे, जिथे रेघा छेदतात तिथे. आणि तिथे मी न चुकता, दर फोटोत, काय बसवलं होतं? सासऱ्यांचा डावा डोळा! प्रोग्रॅमने तो इमानाने पुसून बाजूला जे सापडेल ते चिकटवलं होतं. कुठे नुसता गाल. कुठे डोळ्याच्या जागी कान, म्हणजे एका बाजूला दोन कान. एका फोटोत बटणांच्या पुठ्ठ्यावरची चार बटणं, आणि एकात गळ्यातल्या टेपवरचा अठराचा आकडा. मी मोजले. एकशे बारा फोटो. दुकानाचा शेवटचा दिवस आणि त्यात एकशे बारा वेळा एकाक्ष सासरे.

मूळ फोटोंवर मी स्वतःच्या हाताने नवे ठेवले होते. आता आशा होती ती कॅमेऱ्यातल्या कार्डाची. डोकं दुखतंय सांगून घरी धावलो. कार्डात एका तारेवर बसलेल्या एका पक्ष्याचे तीनशे फोटो होते. कारण कार्ड लगेच रिकामं करावं हेही माझं तत्त्व, आणि रविवारी पहाटे मी तलावावर गेलो होतो. पक्षी सगळ्या फोटोंत एकसारखाच बसला होता.

संध्याकाळी बायको आली ती गुणगुणतच. अल्बम कुठे, म्हणून मी विचारलं. आईकडे लपवायला देऊन आले, म्हणाली. उघडलासुद्धा नाही, रविवारी सगळ्यांबरोबर बघणार. तिचा चेहरा इतका आनंदी होता की मला बोलवेना. खरं सांगतो, त्या क्षणी मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

शनिवारी सकाळी मी सासुरवाडीला पोचलो. बेत साधा होता. काहीतरी निमित्त काढून अल्बम पळवायचा आणि अल्बमवाल्याचं मशीन जळालं म्हणून सांगायचं. पण सासरे घरातच होते. दुकान बंद झाल्यापासून त्यांच्या हाताला काम नव्हतं. आठवड्यात त्यांनी हातशिलाईनेच सगळे पडदे आखूड केले होते आणि पायपुसण्यालाही दुहेरी शिलाई घातली होती. काय काम काढलंत, त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, पॅन्ट सैल होतेय.

त्यांचा चेहरा उजळला. तत्काळ टेप काढून त्यांनी मला खोलीच्या मधोमध उभं केलं. स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई मला काहीतरी खुणा करत होत्या, आणि मी हात वर करून खांबासारखा उभा!

"पोट आत घेऊ नका," सासरे म्हणाले. मग माझ्या कमरेला टेप आवळून, त्याच आवाजात म्हणाले, "अल्बम पाहिला."

काल त्यांनी सगळ्या उशांचे अभ्रे उसवून परत शिवले होते. त्यातल्याच एका अभ्र्यात सासूबाईंनी तो लपवला होता. मी हात वरच ठेवले. खाली घ्यायचं सुचलंच नाही.

"तुम्हाला कधी कळलं?" ते म्हणाले.

"काय, बाबा?"

"माझ्या डाव्या डोळ्याने दिसत नाही ते."

ते टेपची गुंडाळी करत सांगू लागले. आठ महिन्यांपासून त्या डोळ्यापुढे धुकं होतं. सुईत दोरा जात नव्हता. गिऱ्हाइकाला म्हणायचे, बघू तुझी नजर किती तेज आहे, आणि त्याच्याकडून ओवून घ्यायचे. लोक हसत हसत ओवून द्यायचे. मग एका लग्नाच्या कोटाची बाही उलटी लागली. गिऱ्हाइकाच्या लक्षात यायच्या आत त्यांनी ती बदलली, आणि त्याच दिवशी दुकान बंद करायचं ठरवलं. घरात सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळे ऑपरेशनच्या मागे लागले असते, आणि डोळ्याला सुरी लावायची त्यांना भयंकर भीती वाटत होती.

"एकेचाळीस वर्षं लोकांची मापं घेतली," ते म्हणाले. "माझं माप कुणी घेतलं नव्हतं. तुम्ही घेतलंत."

आता बोलावं म्हणून मी तोंड उघडलं. बाबा, तो सुताचा तंतू होता, एवढंच म्हणायचं होतं. पण दारात सासूबाई डोळ्याला पदर लावून उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. तासाभरात बायको आली. तिने अल्बम पाहिला, वडिलांना दटावलं आणि मग माझ्याकडे वळली. तुम्ही इतकं बारकाईने बघता, म्हणाली, आणि मी तुम्हाला सहा वर्षं नावं ठेवली. लग्नानंतर अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं नव्हतं. मी मान खाली घातली. सगळ्यांना तो विनय वाटला.

रविवारी नातेवाईक जमले. मी कान पाडून कोपऱ्यात बसलो. अल्बम हातोहात फिरला. मामेसासरे दोन कानांच्या फोटोपाशी बराच वेळ थांबले आणि म्हणाले, म्हणजे नजर गेली की माणूस नुसता ऐकत बसतो, असंच ना? मी म्हटलं, तसंच काहीसं.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, पार पिकलाय, एवढे दिवस कशाला थांबलात. ऑपरेशनची तारीख ठरली. घरात सगळे काळजीत होते, की बाबांना दिसेल ना. मीही काळजीत होतो, की दिसेल! असा विचार मनात आला याची भारी शरम वाटली. मी दवाखान्यात सगळ्यात आधी जाऊन बसलो आणि सगळ्यात शेवटी निघालो.

ऑपरेशन उत्तम झालं. काळा चष्मा निघाला त्या दिवशी सासऱ्यांनी आधी खिडकीबाहेर पाहिलं, मग सासूबाईंकडे पाहिलं, आणि मग अल्बम मागितला. बायको चहा करायला गेली होती. मी समोर बसलो. त्यांनी पानं उलटायला सुरुवात केली, आणि पहिल्या दोन पानांतच त्यांचा हात थांबला.

"हा कान माझाच?"

"हो."

"इथला इकडे लावलाय." ते पुढच्या पानावर गेले. "इथे टेपच. अठरा." अजून एक पान. मग अल्बम मिटून त्यांनी माझ्याकडे दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. "ही कलाकारी नाही, जावईबापू. हे ठिगळ आहे. आणि धागासुद्धा जुळवलेला नाही."

मी सगळं सांगून टाकलं. तंतू, गोल, बटण, पक्षी. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हटलं, चुकलं, बाबा. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, एखादा धड डोळा शिल्लक आहे का. एक होता. एका फोटोत त्यांना नेमकी शिंक आली होती आणि चेहरा चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात गेला होता, म्हणून कार्ड रिकामं करतानाच मी तो बाकीच्यांतून वेगळा टाकला होता. शिंकेच्या आधीचा डोळा होता, पण उघडा होता.

"मग त्याच कापडातून काढायचे," ते म्हणाले. "एकशे बारा."

तेव्हापासून रोज संध्याकाळी सहा वाजता सासरे आमच्याकडे येतात. गळ्यात टेप असते, कशाला ते मी विचारत नाही. माझ्या खुर्चीशेजारी स्टूल ओढतात आणि मी एकेक डोळा कातरून लावत जातो. बायकोला आम्ही सांगितलंय की अल्बमची दुसरी आवृत्ती काढतोय. ती कौतुकाने चहा आणून ठेवते. तीन आठवड्यांत नऊ डोळे मंजूर झालेत.

काल दहावा लावला. दोन तास खपलो. कडा जुळवल्या, सावली जुळवली, भुवईचा एकेक केस जागेवर आणला. सासऱ्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, बसला. माझे डोळे भरून आले. मी घाईघाईने फोटो साठवायला गेलो, तेवढ्यात थांबा म्हणाले. खिशातून औषधाची बाटली काढून डोळ्यात एक थेंब टाकला, पापणी दोनदा मिटून उघडली, स्क्रीनला नाक लागेल इतके पुढे वाकले आणि म्हणाले,

"उसवा."